सागाचा वास

सई, परवा तू नव्या टेबलाचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आजी, हे खरंच सागवान आहे का? दुकानदार तरी तसं म्हणतोय." त्यावर नीलने लिहिलं की आजीला चष्म्याशिवाय फोटोत मीसुद्धा ओळखू येत नाही, तिला लाकूड काय कळणार. नीलचं बरोबर आहे. फोटोवरून लाकूड कळत नाही. पण तुझा प्रश्न वाचला तेव्हा वैशाखातली दुपार होती, नगरचे रस्ते ओस पडले होते आणि खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी नव्या स्वयंपाकघरासाठी करवतीचं यंत्र किंचाळत होतं. ते सगळं प्लायवूडचं काम. त्याला वास येतो तो फक्त चिकटवणाचा. मी खिडकी लावून घेतली आणि खुर्चीत बसले ती संध्याकाळपर्यंत उठलेच नाही.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. टेबल उलटं कर. पॉलिशखाली सगळी लाकडं बहिणी-बहिणी दिसतात, पण खालच्या बाजूला पॉलिश करायचा बहुतेकांना कंटाळा येतो. फळी जिथे आडवी कापली आहे ते टोक बघ. सागाच्या टोकावर वर्षावर्षाची वलयं दिसतात आणि वलयाच्या कडेला बारीक छिद्रांची रांग असते, सुईने टोचल्यासारखी. लांबीच्या अंगाला त्याच छिद्रांच्या रेघा होतात. हात फिरवलास तर किंचित मेणचट लागेल. पाण्याचा थेंब टाकलास तर तो लगेच आत मुरणार नाही. रंगावर मात्र जाऊ नकोस. रंग लावून देता येतो, आणि रंध्याखालून नुकतंच निघालेलं खरं सागवान उलट हिरवट, मळकट, डागाळलेलं असतं. उजेड लागला की ते हळूहळू सोनेरी होतं. उरला वास. मला संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसवून ठेवलं ते त्या वासाने.

तो उन्हाळा बहात्तरच्या दुष्काळाचा. सगळे त्याला बहात्तरचा म्हणतात, पण त्याचं खरं रूप आम्ही पाहिलं ते पुढच्या वर्षीच्या चैत्र-वैशाखात. मी नगरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते आणि लग्न होऊन घोडेगावच्या पुढच्या एका खेड्यात आले होते. गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, म्हणून सगळं गाव मला 'बाई' म्हणायचं. तुमचे आजोबा साखर कारखान्याच्या कचेरीत होते, रविवारी घरी यायचे. घरात माझे सासरे आबा, सासूबाई आणि नणंद कमल. त्या वैशाखात कमलचं लग्न होतं. दुष्काळ म्हणून वाजंत्री नव्हती, जेवणावळ नव्हती. पण मुलाकडच्यांनी एक सागवानी कपाट मागितलं होतं आणि आबांनी पूर्वीच होकार दिला होता.

त्या दिवसांचं काय सांगू? आकाश एखाद्या घासलेल्या पितळी ताटासारखं. पाटाच्या कडेच्या बाभळींना पाला नव्हता. जनावरांसाठी तो कधीच ओरबाडून झाला होता. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. त्याची भाकरी थापतानाच तडकायची आणि तव्यावर टाकली की घरभर कुबट वास पसरायचा. आणि दिवसभर, शाळेच्या वर्गातही ऐकू येईल असा, एकच आवाज: टक, टक, टक. माळावर सरकारी दुष्काळी काम चालू होतं. अर्धं गाव तिथे उन्हात बसून खडी फोडायचं. ज्यांच्या दारात कधीकाळी दोन गडी राबत होते तेही डोक्याला फडकं बांधून हातोडी घेऊन बसायचे. संध्याकाळी सगळे परत यायचे ते भुवयांपर्यंत पांढरे होऊन, एकाच घरातली माणसं असल्यासारखे.

त्यांच्यात भिकू मिस्त्रीही असायचा. हा आमच्या गावचा सुतार. गाड्या बंद, नांगर बंद, मग सुताराला काम कोण देणार? भिकू उंच, हाडकुळा, कानावर पेन्सिल आणि तोंड सतत चालू. नम्रता त्याच्या वाटेला गेलीच नव्हती. कुणी लाकूड दाखवलं की आधी त्या माणसाचा पाणउतारा करायचा आणि मग लाकडाची पारख. रंध्याने एक पातळ साल काढायची, नाकाखाली धरायची, डोळे मिटायचे. भोवतीची माणसं आपोआप गप्प व्हायची. मग तो म्हणायचा, "बोलला." म्हणजे साग आहे. किंवा, "न्हाई बोलत." म्हणजे तो विषय संपला. नेवाशाकडची, शेवगावच्या रस्त्यावरची माणसं लाकूड खरेदीला जाताना त्याला सोबत न्यायची. ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून, एक हात खिडकीबाहेर टाकून तो जायचा तेव्हा वाटावं, गावचा आमदारच चालला आहे.

त्याची बायको येसू त्याला पुरून उरणारी होती. "नाक तेवढं कापून गिऱ्हाइकाबरुबर धाडावं," ती म्हणायची, "बाकीचा मानूस नुसता खायाला हाय."

कपाटाचं लाकूड मात्र आबांनी डेपोतून आणायचं ठरवलं नव्हतं. त्यामागे रखमाकाकू होत्या. आमच्या शेजारच्या या बाई लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. थोडी जमीन आणि दोन बैल, हरण्या आणि शेल्या. दोन्ही त्यांनी वासरापासून वाढवलेले. त्या उन्हाळ्यात वैरण संपली तेव्हा काकूंनी गोठ्याच्या छपराचं जुनं पाचट काढून बैलांना घातलं. तेही संपलं. बैल गेले असते तर पेरणी दुसऱ्याच्या हातात गेली असती, आणि विधवेची जमीन एकदा दुसऱ्याच्या औताखाली गेली की परत कशी येते हे गावाने पाहिलेलं होतं. आमच्याकडे मागच्या साली रचलेला कडबा थोडा उरला होता, त्यातली वैरण आबांनी देऊ केली. काकू म्हणाल्या, "फुकटची वैरण माज्या बैलास्नी पचायची न्हाई, भाऊजी." तेव्हा आबांनी युक्ती काढली. छप्पर गेल्यामुळे गोठ्यावर उघडी पडलेली तुळई त्यांनी वैरणीच्या बदल्यात कमलच्या कपाटासाठी मागितली. काकूंना ते पटलं. तुळई सागाची होती, त्यांच्या सासऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या डोंगराकडून बैलगाडीने आणलेली. देणं-घेणं बरोबरीचं झालं असतं.

ती तुळई आमच्या अंगणात आणली तेव्हा ती कोळशासारखी काळी होती. इतक्या वर्षांचा धूर आणि गोठ्याची वाफ तिच्यावर बसलेली. खडीवरून परत जाताना भिकूला आबांनी हाक मारली. तो आला, छोट्या कुऱ्हाडीसारख्या वाकसाने वरची काळी साल उडवली, रंधा दोन-तीनदा फिरवला. आतून हिरवट-तपकिरी लाकूड दिसलं. साल नाकाशी धरून त्याने डोळे मिटले. मग पुन्हा रंधा फिरवला, पुन्हा साल धरली. तो असा दुसऱ्यांदा हुंगताना कुणी पाहिला नव्हता.

"न्हाई बोलत," तो म्हणाला.

"अरे, रेघा तर सागाच्या दिसतात," आबा म्हणाले.

"रेघांवर जाऊ नका, आबा. रेघ काय, कोनाच्याबी कपाळावर असती. साग आसता तर बोलला आसता. ह्यो हेद आसंल, न्हाईतर आनखी कुटलं हलकं लाकूड."

रखमाकाकू पुढे आल्या. "भिक्या, मी ह्या घरात यायच्या आदीपास्नं ती वर हाय. माज्या सासऱ्यानं सवता निवडून आनलीय."

"मंग सासऱ्याला कुनीतरी फशिवलं."

"मेलेल्या मानसाला येडा ठरवू नको."

"म्या न्हाई ठरवत. लाकूड ठरवतंय."

सई, हे लिहिताना मला आजही विचित्र वाटतं. अंगणात आम्ही सात-आठ जण होतो. त्या सालीचा वास आम्हा सगळ्यांनाच आला असणार. सागाचा वास काही लपून राहणारा नाही. पण भिकू 'नाही' म्हणाला तेव्हा प्रत्येकाने आपलं नाक खोटं मानलं. दिवस मावळला असं गावच्या एखाद्या वजनदार माणसाने सांगितलं तर डोक्यावरचं ऊन विसरावं, तसं. मी त्या वयात बुद्धिवाद वगैरे शब्द फळ्यावर लिहीत होते. आमच्यापैकी कुणी वाकून ती साल उचलली नाही.

आबा म्हणाले, "हेद तर हेद. कपाटाच्या आतल्या फळ्यांना चालेल. मी घेतो."

"न्हाई," काकू म्हणाल्या. "सागाची म्हनून देत हुते. सागाची न्हाई आन तरी तुमी घेताय, म्हंजी भीक घालताय." आणि त्या निघून गेल्या. तुळई आमच्याच अंगणात पडून राहिली. उचलून न्यायला माणसं होती कुठे? दिवेलागणीला कळलं की रखमाकाकू येत्या बाजाराला बैल घोडेगावी नेणार. त्या वर्षी घोडेगावच्या बाजारात हाडं निघालेले बैल कोण घेतं आणि कशासाठी घेतं, हे लहान मुलांनाही ठाऊक होतं. त्याबद्दल बोलत कुणी नव्हतं. त्या रात्री सासूबाईंनी पानावरून तसंच उठत म्हटलं, "शेल्या लहानपणी आपल्या अंगणात येऊन धान्य खायचा." बास, एवढंच.

सुताराने रंधा मारला की खाली पडलेल्या साली त्याच्या बायकोच्या. चुलीला त्या फार चांगल्या लागतात. त्या संध्याकाळीही येसूने ओटीत भरून त्या नेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरपाशी रांगेत ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिचा आवाज एरवी विहिरीच्या पलीकडे जायचा. त्या दिवशी मला मान वळवून ऐकावं लागलं.

"बाई, काल आमच्या चुलीत साग जळला."

"म्हणजे?"

"तुमच्या अंगनातल्या साली. पेटल्या आन घर भरलं वासानं. मी ह्यास्नी म्हनलं, अवो, ह्यो तर साग हाय. मलाच हासले. म्हनले, तुला काय कळतंय. तवा माज्या डोक्यात लख्कन उजेड पडला. आवंदा समद्या गावात मिलोच्या भाकरीला नाव ठिवत न्हाई ते ह्ये एकटेच. परवा भाकर करपून कोळसा झाली, तवा मी भाईर हुते आन ह्ये चुलीम्होरंच बसल्यालं. मी राकेलची बाटली घेतली, नाकाखाली धरली. डोळं मिटून सांगा म्हनलं, काय हाय. म्हनले, रिकामी हाय."

तिने घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.

"मग?"

"मग काय. बसल्यात भिताडाकडं तोंड करून. मी म्हनलं, रखमाकाकूला सांगून येते. हात धरला माजा. म्हनले, ह्ये कळलं तर मला उंद्यापास्नं कोन ईचारंल? जलमभर खडीच फोडू का?"

"येसू, उद्या बाजार आहे."

"ठाव हाय. मी सांगनार न्हाई, बाई. त्यांनीच सांगाया पायजे. न्हाई सांगितलं, तर मंग मला त्यांच्याकडं बघावं लागंल."

तिने विश्वासाने सांगितलं होतं, म्हणून मीही घरी काही बोलले नाही. खडीच्या धुळीने त्याचं नाक गेलं की हिवाळ्यात आलेल्या तापाने, हे कुणालाच कळलं नाही. आणि ते एका दिवसात गेलं नसणार. पाझर आटावा तसं गेलं असेल, थोडं थोडं, त्याचं त्यालाही न कळता. तुम्हाला आठवतं ना, अलीकडच्या त्या साथीत माझाही वास गेला होता? तुम्ही फोनवर विचारायचात आणि मी म्हणायचे, काही विशेष नाही, जेवण जातंय. खरं सांगायचं तर मला तेव्हा घर परकं झालं होतं. देवघरातल्या उदबत्तीचा धूर डोळ्यांना दिसायचा आणि मध्ये काच असल्यासारखा पलीकडेच राहायचा. माझं पोट काही नाकावर चालत नव्हतं, माझी इज्जत नाकावर नव्हती, आणि माझा वास परत आला. तरी त्या दिवसांत मला सारखा भिकू आठवत होता, भिंतीकडे तोंड करून बसलेला.

बाजाराच्या दिवशी ऊन तापायच्या आत रखमाकाकूंनी बैल सोडले. कपाळांना हळद-कुंकू लावलं. मिलोच्या भाकरीत गुळाचा खडा घालून दोघांना अर्धी अर्धी दिली. आम्ही सगळे आपापल्या दारात उभे होतो. जवळ जायचा धीर कुणाला झाला नाही. खडीवर निघालेली माणसंही रस्त्यात थांबली. तेवढ्यात सुतारआळीकडून भिकू आला, लांबूनच ओरडत. चूक कबूल करायलाही तो भांडायला निघाल्यासारखाच आला.

"ए रखमाकाकू! सोड ती दावी! कुटं निघालीस?"

"का रं? लाकडाची पारख झाली, आता बैलांचीबी करायची व्हय?"

"तुळई साग हाय तुजी."

"परवा न्हवती. पडल्या पडल्या झाली?"

"साग हाय म्हनतोय न्हवं!"

"कशावरनं? परत हुंगलीस?"

भिकूने कानावरची पेन्सिल काढली आणि परत खोचली. येसू मागून येऊन उंबराच्या झाडाखाली उभी होती, पदराचं टोक दातात धरून. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. मग तो काकूंकडे पाठ करून रस्त्यावरच्या माणसांकडे वळला आणि लिलाव पुकारावा तसा ओरडला, "ऐका रं समदे! माजं नाक गेलंय. राकेल कळंना मला. तुळई साग हाय, मी चुकलो!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग एक म्हातारा पुढे आला. "मंग माज्या दाराचं रं? माघात घेतलं, तूच हुंगून दिलंस."

"ठाव न्हाई."

"ठाव न्हाई म्हंजी?"

"कवापास्नं गेलंय त्येच ठाव न्हाई, आप्पा."

"आन आमच्या नांगराचं?" दुसऱ्याने विचारलं.

"नांगर बाभळीचा आसतोय, येड्या. त्याला नाक कशाला लागतंय?"

आता सगळेच हसले. भिकू हसला नाही. रखमाकाकूंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्यांच्या हातात दोन्ही दावी अजून ताठ होती.

"नाक गेलं," त्या म्हणाल्या, "तोंड तेवढं ऱ्हायलं. गावाचं नशीब, दुसरं काय." आणि त्यांनी बैल फिरवले, खुंट्याला बांधले. त्याच सकाळी आबांनी वैरणीची गाडी त्यांच्या दारात रिकामी केली. काकूंनी नको म्हटलं नाही.

सगळं ठीक झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. हरण्या तगला. शेल्या आषाढात बसला तो उठला नाही. काकूंची पेरणी हरण्या आणि आमचा एक बैल अशा जोडीने झाली. जमीन त्यांच्याकडेच राहिली. आणि भिकू? त्याचे हात होते तसे होते, डोळे होते. रेघा, वजन, टोकावरची छिद्रं, सगळं त्याला कळत होतं, आणि पुढे तो त्यावरच लाकूड ओळखायचा. पण ट्रक काही पुन्हा त्याच्या दारात थांबला नाही. लाकूड खरेदीला लोक दुसऱ्या गावचा सुतार नेऊ लागले. ज्याच्या 'नाही' या शब्दावर व्यवहार थांबत होते, त्याला आता 'साग आहे' असं म्हटल्यावर कारणं द्यावी लागत. गावाने त्याला वाईट वागवलं असं नाही. त्याचं म्हणणं ऐकताना गप्प होणं तेवढं गावाने सोडून दिलं.

कमलचं कपाट त्यानेच केलं. आबांनी लग्न होईपर्यंत त्याला खडीवर जाऊ दिलं नाही. आमच्या अंगणात ती तुळई चिरली गेली, तिच्या फळ्या झाल्या. साग हत्याराची धार खातो, हे मी तेव्हा पाहिलं; भिकू थोडा वेळ रंधा मारायचा आणि पातं काढून दगडावर घासत बसायचा. लाकडातल्या तेलामुळे चिकटवायचा सरस नीट धरत नाही, म्हणून त्याने सांधे खाच आणि जीभ करून बसवले आणि लाकडाच्याच खुंट्या ठोकल्या. फळ्या पहिल्यांदा उभ्या केल्या तेव्हा त्यांच्यावर हिरवट, काळपट डाग पाहून कमल रडकुंडीला आली.

"मिस्त्री, हे असलं नेऊ मी सासरी?"

"उजेड लागू दे. सोनं हुतंय त्याचं. तूबी सासरी पयले काई दिस अशीच दिसशील, मंग उजळशील."

घरात सगळीकडे तो वास होता. पिण्याच्या पाण्याला, अंथरुणांना, माझ्या तपासायच्या पेपरांना. मिलोचा कुबट वास त्याने पार बुजवून टाकला होता. लग्नघर आहे असं सांगणारं दुसरं काही आमच्याकडे नव्हतं. तो वास होता. आणि त्या वासाच्या मधोमध भिकू उभा असायचा, एकटाच कोरडा. रंध्यातून लांबलचक साल निघाली की सवयीने त्याचा हात नाकाकडे जायचा. अर्ध्यावर थांबायचा. मग खाली यायचा. आम्ही तेव्हा दुसरीकडे पाहायचो.

शेवटच्या दिवशी, उन्हं कलल्यावर, कपाटाचं दार बसवता बसवता त्याने कडेवरून एक साल काढली. हात वर गेला, थांबला, आणि या वेळी खाली आला नाही. साल तशीच धरून तो म्हणाला, "कसा येतोय गं वास?"

कुणाला विचारलं ते कळेना. कमल घाईने म्हणाली, "छान येतोय, मिस्त्री."

"छान म्हंजी काय? छान तर भज्यांचाबी येतोय."

मी हातातला पेपर खाली ठेवला. आबांनी घसा खाकरला. येसू खाली बसून टोपलीत साली भरत होती. तिने मान वर केली नाही.

"आपलं लगीन झालं तवा तुमच्या अंगाला यायचा," ती म्हणाली, "तसा येतोय."

कमल तोंडाला पदर लावून आत पळाली. भिकू हलला नाही. ती साल त्याने मुठीत हळूहळू मिटली.

"तेवढा?" त्याने विचारलं.

"वाईच कमी," येसू म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन घराकडे निघाली.